एस्प्रेसो मशीन घेताना: ‘ते धुवायचं कोण?’

गेले तीन महिने माझ्या लॅपटॉपवर ऑफिसच्या कामाशेजारी एक एक्सेल शीट कायम उघडी असते. घरी वापरायच्या एस्प्रेसो मशीनची तुलना. किंमत, प्रेशर, बॉयलर, वॉरंटी असे चौदा कॉलम. पुण्यात नोकरी करताना या कॉफीची सवय लागली. आता मुरुडला घरी बसून त्याच कंपनीचं काम करतो, आणि सवय सुटलेली नाही.

परवा आईनं स्क्रीनवरचा फोटो पाहिला. म्हणाली, “एवढ्याशा घोटाला एवढं मोठं मशीन? अन् ते धुवायचं कोण?”

चौदा कॉलमांत हा कॉलम नव्हता.

आधी थोडं तंत्र. बारीक दळलेल्या, दाबून बसवलेल्या कॉफीतून साधारण ९ बार दाबानं, म्हणजे हवेच्या दाबाच्या नऊपट जोरानं, गरम पाणी ढकललं की एस्प्रेसो होते. १८ ग्रॅम पावडर, २५ ते ३० सेकंद, कपात ३६ ग्रॅमच्या आसपास. हा दाब कोण देतं आणि बाकीची कामं कोण करतं, यावरून मशीनचे प्रकार पडतात. लिव्हरच्या मशीनमध्ये दांडा तुम्ही दाबता. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये दाब पंपाचा. दळणं, भरणं, दाबून बसवणं तुमचं. पूर्ण ऑटोमॅटिकमध्ये बी टाका, बटण दाबा. कॅप्सूलच्या मशीनमध्ये तर बीसुद्धा दिसत नाही.

या यंत्राचा इतिहास म्हणजे माणसाचा हात हळूहळू बाहेर पडण्याचा इतिहास आहे. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरानं वाफेवर चालणाऱ्या मशीनचं पेटंट घेतलं. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाजियाचं लिव्हर मशीन आलं. १९६१ मध्ये फाएमाच्या ‘ई-६१’ मॉडेलनं दाबाचं काम विजेच्या पंपाकडे दिलं. १९८६ मध्ये नेस्प्रेसोची कॅप्सूल बाजारात आली.

माझा कल लिव्हरकडे होता, आणि त्याला मी तत्त्वज्ञानाचा आधारही शोधून ठेवला होता. आल्बर्ट बोर्गमन या तत्त्वज्ञानं १९८४ च्या पुस्तकात एक फरक सांगितला आहे. घरातली लाकडाची शेगडी फक्त ऊब देत नाही. लाकूड आणणं, विस्तव राखणं, तिच्याभोवती बसणं यातून घर एकत्र येतं. सेंट्रल हीटिंग फक्त ऊब देतं, बाकी सगळं भिंतीआड लपवतं. सुख हातात येतं, पण जगाशी असलेला संबंध तुटतो. मला हे एकदम पटलं. बटण दाबून आलेली कॉफी म्हणजे भिंतीआडची ऊब, आणि दांडा दाबून काढलेली कॉफी म्हणजे शेगडी.

पण शेगडीसाठी लाकूड कोण आणत होतं? राख कोण काढत होतं?

त्याच्या एक वर्ष आधी, १९८३ मध्ये, रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंचं पुस्तक आलं होतं. नावातच सगळं आलं: ‘मोअर वर्क फॉर मदर’, आईला आणखी काम. त्यांचं म्हणणं असं, की घरात नवी उपकरणं आली तेव्हा अनेकदा पुरुषांची आणि मुलांची कामं सुटली, बाईची सुटली नाहीत. बंदिस्त लोखंडी चूल आल्यावर लाकूड कमी लागू लागलं, तोडणाऱ्याचे कष्ट वाचले. पण एका भांड्याच्या जेवणाच्या जागी चार पदार्थ आले, आणि ते करणारी तीच राहिली.

हे वाचलं आणि मला आमच्या घरातला सकाळचा चहा दिसला. आई तीस वर्षं तो करते. पाणी, साखर, पावडर, सगळं अंदाजानं, आणि चव कधी चुकत नाही. मी वजनकाट्यावर १८ ग्रॅम मोजले की ती कला होते. तिनं मुठीनं मोजलं की ते घरकाम. खरा फरक कौशल्याचा नाहीच. मला कंटाळा आला तर मी कॉफी करणार नाही. तिला कंटाळा आला तरी चहा होतोच.

कष्टाची गोडी त्यालाच लागते, ज्याला ते कष्ट केव्हाही खाली ठेवता येतात. पाट्या-वरवंट्यानं घर एकत्र येतं, असं कुणी आईला सांगितलं तर ती त्याच्याच हातात वरवंटा देईल.

मग बटणाचं मशीन घ्यावं? ते आईलाही वापरता येईल. पण तिथंही काम संपत नाही, फक्त दिसेनासं होतं. यातली बहुतेक मशीन सुरू होताना आणि बंद होताना स्वतःच्या नळ्या धुतात. ते पाणी खालच्या ट्रेमध्ये साचतं. आमच्या बोअरचं पाणी जड. त्यानं आत क्षार साचतात, ते अधूनमधून लिंबूसत घालून काढावे लागतात. आरओचं पाणी वापरायचं म्हटलं, तर घरातला आरओ जेवढं शुद्ध पाणी देतो त्याहून बहुधा जास्त फेकतो.

आणि पाणी सांडणं ही आमच्याकडे किरकोळ गोष्ट नाही. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. मी तेव्हा हॉस्टेलवर होतो, बातमी मोबाइलवर पाहिली. घरी आई भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवत होती.

कॅप्सूलचा कचरा तर घराबाहेर जातो. के-कपमध्ये एस्प्रेसो होत नाही, साधी कॉफी होते. पण कल्पना तीच, एका कपाला एक डबी. तो के-कप शोधणारे जॉन सिल्व्हन २०१५ मध्ये म्हणाले होते, की आपण हे केलं याचं कधी कधी वाईट वाटतं.

म्हणून मी पंधरावा कॉलम टाकला: ‘उरलेलं काम कोणाकडे जातं?’ हातानं करणं पवित्र नाही आणि बटण दाबणं पाप नाही. पण प्रत्येक मशीन काही काम शिल्लक ठेवतं, आणि ते उतारावरच्या पाण्यासारखं घरात ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्याकडे जातं. निवड करायची ती याची.

या कॉलमात विजेशिवाय चालणारं, हातानं दाबायचं लहान लिव्हर मशीन वर येतं. किटलीतलं पाणी, एका वेळी एक कप, धुवायला चार भाग. ते मी धुणार. पण मी हे आईला सांगितलं तेव्हा ती फक्त हसली. तिनं अशी वचनं ऐकलेली आहेत.

म्हणून मशीन अजून मागवलेलं नाही. आधी महिनाभर सकाळचा चहा मी करायचा, भांड्यांसकट, असं ठरवलं. पहिला आठवडा मजेत गेला. आई आतून ओरडायची, “आलं आत्ताच टाकायलास का? उकळू दे आधी.” अकराव्या दिवशी रात्री दोनपर्यंत ऑफिसचा कॉल चालला. सकाळी गजर वाजला तेव्हा उठवत नव्हतं. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज आला. ती उठली होती, काही न बोलता.

मी पडून राहिलो असतो तर घरात कुणीही काही म्हटलं नसतं. नेमकं तेच कळल्यावर उठलो.