अंक क्रमानं वाच

चि. नातीस,



तुझं पत्र मिळालं. एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी १८९७ चा पुण्याचा प्लेग हा विषय घेतलास, याचा मला मनापासून आनंद झाला. जुनी वर्तमानपत्रं आता घरबसल्या दिसतात, तर सुरुवात कुठून करू, असं तू विचारलं आहेस. माझी सगळी नोकरी ग्रंथालयात, जुन्या अंकांच्या बांधीव फायली वाचकांपुढे ठेवण्यात गेली. त्यामुळे या प्रश्नावर मला बरंच बोलायचं आहे.

पहिली विनंती ही की, शोधाच्या चौकटीत ‘प्लेग’ आणि ‘पूना’ हे शब्द टाकून कामाला लागू नकोस. तसं केलंस तर काय होईल ते सांगतो. मुंबईचं ‘टाइम्स ऑफ इंडिया’ हे पत्र १८३८ साली ‘बॉम्बे टाइम्स’ म्हणून निघालं. तेव्हापासूनचे त्याचे अंक प्रोक्वेस्ट या कंपनीच्या संगणकीय संग्रहात आहेत आणि यंत्रानं त्यांतला शब्दन् शब्द वाचून ठेवला आहे. क्षणात ढीगभर निकाल तुझ्यापुढे येतील. ‘केसरी’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘सुधारक’, ‘दीनबंधु’ या त्या काळच्या मराठी पत्रांतलं मात्र जवळपास काहीच येणार नाही. त्यांनी प्लेगवर लिहिलं नाही असं नव्हे. मराठी पत्रांचे जे अंक स्कॅन झाले आहेत, ते बहुतेक ठिकाणी नुसती छायाचित्रं म्हणून ठेवलेले आहेत. त्यांतला मजकूर यंत्राला दिसतच नाही.

याचा परिणाम मी अलीकडच्या अनेक प्रबंधांत पाहतो. पुण्यातल्या कसब्यात, बुधवारात, शुक्रवारात जे घडलं, ते मुंबईच्या कोटातून निघणाऱ्या इंग्रजी दैनिकाच्या आधारानं लिहिलं जातं. त्या दैनिकाचा बातमीदार खोटं लिहीत होता असा माझा आरोप नाही. पण प्लेगचे रोगी शोधायला सैनिक घराची झडती घेत असताना तो अधिकाऱ्याच्या बाजूला उभा असे, आणि आत बसलेल्या बाईचं म्हणणं त्याच्या कानी पडण्याचा संभव फार थोडा होता. सहज सापडणाऱ्या पत्रावर सगळी भिस्त ठेवलीस, तर तुझी प्रबंधिका आपोआप त्या दाराबाहेरच्या माणसाची होईल. माझी सगळी तळमळ या एका गोष्टीसाठी आहे.

देवनागरीपुढे यंत्र का अडतं, तेही समजून घे. इंग्रजी अक्षरं सुटी असतात. आपली अक्षरं शिरोरेषेनं जोडलेली, वर मात्रा, खाली उकार, मधे जोडाक्षरं. त्यात एकोणिसाव्या शतकातले खिळे वापरून झिजलेले, शाई कुठे फुटलेली, कुठे उमटलेलीच नाही. अनेक स्कॅन तर मूळ कागदावरून न करता जुन्या मायक्रोफिल्मवरून केले आहेत. जाड बांधणीमुळे शिवणीकडचा रकाना अंधारात गेलेला असतो. शिवाय लेखन जुनं. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधी ‘गांव’, ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरें’ असंच छापत. जिथे मराठी मजकूर शोधता येतो, तिथेही आजच्या लेखनानं शोधलंस तर हाती थोडंच लागेल. रोगाचीही नावं अनेक होती. प्लेगला ‘गांठीचा ताप’ म्हणत, वैद्यकी वळणानं ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत. गोऱ्या शिपायाला ‘सोजीर’ म्हणत. अशा शब्दांची यादी वहीत करत जा. ती अंक वाचूनच वाढेल.

म्हणून सुरुवात तारखांपासून कर. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगांचा कायदा झाला. ९ फेब्रुवारीला नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत प्लेगनं गेले. गिरणी कामगारांचे पुढारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक ते हेच. म्हणजे ज्या पत्रात तू कष्टकऱ्यांची बाजू शोधणार, त्याचा कर्ता माणूस साथीच्या आरंभीच गेला होता, हे ध्यानात ठेवून पुढचे अंक वाचावे लागतील. त्याच सुमारास पुण्यात रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली. १० मार्चला रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. त्या आठवड्यातली हाती येतील तेवढी पत्रं, इंग्रजी आणि मराठी दोन्ही, उघड. कोणाचं निधन किती ओळींत आलं आहे, कोणाचं आलंच नाही, याची नोंद स्वतः कर. हे काम शोधयंत्र करून देणार नाही, कारण जे छापलंच नाही ते त्याला दिसत नाही.

तारखेबरोबर वारही लिही. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. त्या दिवशी मंगळवार होता आणि ‘केसरी’ मंगळवारी निघे. म्हणजे गोळी सुटली तेव्हा त्या आठवड्याचा अंक आधीच बाहेर पडलेला होता, आणि त्या घटनेनंतरचा पहिला अंक २९ जूनचा. ‘केसरी’चे संपादक टिळक यांच्यावरच्या राजद्रोहाच्या खटल्यात ज्या मजकुराचा आधार घेतला गेला, तो १५ जूनचा. २७ जुलैला त्यांना अटक झाली आणि १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची शिक्षा. या तारखांच्या मधले मंगळवार मोज आणि तेवढे अंक एकामागून एक वाच. अग्रलेख वाचून थांबू नकोस. वर्तमानसार, वाचकांची पत्रं, स्फुटं, शेवटच्या पानावरच्या जाहिराती, सगळं बघ. कोणती दुकानं उघडी होती, कोणती औषधं विकली जात होती, लोक गाव सोडून कुठे गेले, हे अशाच कोपऱ्यांत सापडतं. ज्या शब्दाचा शोध घ्यावा हे तुला सुचलंच नसतं, तो शब्द अशा वाचनात भेटतो.

आता एक साधन सांगतो. मराठी पत्रांवर काम करणाऱ्यानं ते वापरलंच पाहिजे आणि त्यापासून जपूनही राहिलं पाहिजे. मुंबई सरकारच्या ओरिएंटल ट्रान्सलेटरच्या कचेरीत देशी भाषांतली पत्रं वाचून त्यांचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला तयार होई. ‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स’ म्हणून ते अहवाल ओळखले जातात. ते गोपनीय होते, अधिकाऱ्यांसाठीच छापलेले. त्यांत पत्रांची यादी असे. पत्राचं गाव, किती दिवसांनी निघतं, संपादकाचं नाव, जात, वय आणि खपाचे आकडे. ज्या पत्रांचे अंक आज कुठेच उरलेले नाहीत, त्यांच्यातला एखादा परिच्छेद केवळ या अहवालामुळे टिकला आहे. छपाई इंग्रजी असल्यानं हे अहवाल शोधताही येतात. साउथ एशिया ओपन अर्काइव्ह्ज आणि राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ या दोन्ही ठिकाणी बघ. दोन्ही मोफत आहेत.

पण हे अहवाल सरकारच्या कानासाठी केलेले आहेत. भाषांतरकारानं निवडलं ते राजद्रोहाचा वास असलेलं किंवा कारभारावर टीका करणारं. विहिरींवर, शाळांवर, लग्नखर्चावर त्याच अंकात जे आलं, ते बहुधा गळलं. गोषवारा वाचून ‘केसरी असं म्हणतो’ असं लिहू नकोस. आधी मूळ अंक गाठ आणि दोन्ही शेजारी ठेवून वाच. मूळ अंक मिळालाच नाही तर तळटीपेत स्पष्ट लिही की हे वाक्य सरकारी गोषवाऱ्यातून घेतलं आहे.

परदेशातले संग्रहही बघायला हवेत, आणि तुझ्या विषयाला त्यांची खरोखरच गरज आहे. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारानं त्यांनी सैनिकांनी स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांविषयी निवेदन केलं आणि ते ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये छापून आलं. परत आल्यावर पुरावा उभा करता आला नाही आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. पंडिता रमाबाईंनीही प्लेगच्या दवाखान्यातल्या बायकांच्या हालांविषयी ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहिलं होतं. पुण्यातल्या बायकांवर काय गुदरलं, हा प्रश्न अशा रीतीनं पुणे, मुंबई आणि मँचेस्टर या तीन गावांच्या पत्रांत विखुरलेला आहे. माफी झाली म्हणून प्रश्न मिटला असं मानू नकोस. पुरावा देता न येणं आणि घटना न घडणं यांत फरक आहे. साक्ष द्यायला पुढे येणाऱ्या बाईला त्या काळात काय सोसावं लागलं असतं, याचाही विचार तुझ्या प्रबंधिकेत यावा असं मला वाटतं.

ऑस्ट्रेलियाचं ‘ट्रोव्ह’ आणि न्यूझीलंडचं ‘पेपर्स पास्ट’ हे दोन संग्रह सर्वांना खुले आहेत. तिथल्या छोट्या गावांच्या पत्रांतसुद्धा पुण्याची बातमी भेटली तर चकित होऊ नकोस. १८७० पासून मुंबई समुद्राखालच्या तारेनं लंडनशी जोडलेली होती आणि तारेची बातमी तिथून सगळ्या वसाहतींत जाई. टपालबोटीनं जाणाऱ्या सविस्तर मजकुराला मात्र दोनेक आठवडे किंवा त्याहून जास्त लागत. म्हणून परदेशी पत्रांत घटनेच्या दुसऱ्या दिवशी एकदा बघ आणि महिन्याभरानं पुन्हा बघ. लंडनच्या पत्रांची पानं जूनच्या त्या आठवड्यात व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीनं भरलेली होती, हेही लक्षात असू दे.

इथे एक फसगत होते. एकच तार पन्नास पत्रांनी छापली की शोधात पन्नास निकाल दिसतात. ते पन्नास साक्षीदार नव्हेत. साक्षीदार एक, आणि तोही बहुधा मुंबईत बसलेला. निकालांची संख्या मोजून ‘या घटनेची जगभर चर्चा झाली’ असं वाक्य लिहिण्याआधी मजकूर शब्दशः एकच आहे का ते पडताळ.

पैशांचं थोडक्यात सांगतो. ब्रिटिश न्यूजपेपर अर्काइव्हला वर्गणी लागते, प्रोक्वेस्ट संस्थांना विकलं जातं. स्वतःच्या खिशातून काही भरण्याआधी विद्यापीठाच्या ग्रंथपालांना विचार. पुष्कळदा विद्यापीठानं वर्गणी भरलेली असते आणि विद्यार्थ्यांना ते ठाऊक नसतं. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीनं ‘ग्रंथसंजीवनी’ या नावानं जुने ग्रंथ आणि नियतकालिकं संगणकावर आणली आहेत, ती बघ. दाते, काळे आणि बर्वे यांनी केलेली जुन्या मराठी नियतकालिकांची सूची हाताशी ठेव. संगणकाच्या आधीच्या काळात माणसांनी अंक अन् अंक चाळून ती केली, आणि मराठी मजकुरासाठी आजही ती शोधयंत्रापेक्षा भरवशाची आहे. गोव्याच्या पत्रांत काही बघायचं झालं तर पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाशी पत्रव्यवहार कर. तिथली बरीच जुनी पत्रं पोर्तुगीज आहेत, तेव्हा भाषेची सोय आधी कर.

जे पान उपयोगाचं वाटेल त्याची प्रतिमा तेव्हाच उतरवून ठेव. फाइलला पत्राचं नाव, तारीख, पान, रकाना असं नाव दे. नुसता दुवा जपून भागत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथल्या अनेक सेवा कित्येक महिने बंद होत्या. कागदाचंही तसंच. त्याच लायब्ररीकडे पुढे आलेला कोलिंडेलचा वृत्तपत्रसाठा १९४० च्या बाँबफेकीत सापडला आणि हजारो बांधीव खंड गेले. एखाद्या संग्रहात सलग दोन महिन्यांचे अंक नसतील तर तिथे काही घडलं नाही असा अर्थ काढू नकोस. कोणते अंक मिळाले नाहीत, याची यादी प्रबंधिकेच्या शेवटी जोड. परीक्षक ती वाचोत न वाचोत, तुझ्यानंतर या विषयावर काम करणाऱ्याला ती उपयोगी पडेल.

शेवटी एक मागणं. ट्रोव्हवर यंत्रानं चुकीचा वाचलेला मजकूर सामान्य वाचक बसून दुरुस्त करतात, आणि पुढच्या माणसाला तो शोधात सापडतो. मराठीत हे काम करणारे हात फार कमी आहेत. तू ‘केसरी’ किंवा ‘ज्ञानप्रकाश’चे जे परिच्छेद वहीत उतरवशील, ते जुन्या लेखनासह, अनुस्वारांसकट, जसेच्या तसे टंकित कर आणि मराठी विकिस्रोतावर चढव. संपूर्ण अंक करता आला तर फारच उत्तम. सुट्टीत इकडे ये. फेब्रुवारी ते जुलै १८९७ चे जेवढे अंक मिळतील तेवढे घेऊन ये, आपण दोघं मिळून बसू. जुने खिळे मला अजून वाचता येतात, टंकलेखन तू कर.

तुझा,
आजोबा