एमिलची कादंबरी आणि सोफीची

पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या वर्गासाठी एकच कादंबरी निवडायची, तर कसोटी कोणती लावावी? तिचा त्यांना उपयोग व्हावा, की तिने त्यांची झोप उडवावी?

ज्याँ-जाक रूसोने १७६२ सालच्या 'एमिल'मध्ये हा प्रश्न पार टोकाला नेला. वाचन ही बालपणामागची पीडा, असं त्याचं मत. म्हणून एमिल या काल्पनिक शिष्याला लहानपणी पुस्तकं जवळजवळ बंद. पुढे मिळते ती फक्त डीफोची 'रॉबिन्सन क्रूसो', आणि बराच काळ तेच त्याचं सगळं ग्रंथालय. तीही छाटलेली. जहाज फुटतं तिथे सुरुवात, सुटकेचं जहाज येतं तिथे शेवट. बेटावरचा एकटा माणूस वस्तूची किंमत तिच्या उपयोगावरून ठरवतो, लोकांच्या मतावरून नाही. एमिलनेही तेच शिकावं, हा हेतू.

हेतू थोरच आहे. निवड मात्र सगळी गुरूची.

त्याच ग्रंथात पुढे सोफी येते, एमिलची भावी पत्नी. फेनेलाँची 'तेलेमाक' तिच्या हाती योगायोगाने पडते आणि ती नायकाच्या प्रेमातच पडते. तसा पुरुष भेटत नाही म्हणून झुरते. कुणीही न नेमलेल्या कादंबरीची ही ताकद!

रूसोला हे वेड स्वतःच्या घरातून ठाऊक होतं. तो जन्मला आणि काही दिवसांतच त्याची आई वारली. तिने मागे ठेवलेल्या कादंबऱ्या बापलेक रात्री जेवणानंतर आळीपाळीने वाचत आणि संपेपर्यंत उठत नसत. पहाटे पाखरं बोलू लागली की वडील ओशाळून झोपायला चल म्हणत, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलं आहे. तितक्याच अधीरतेने वाचणारं मोठं माणूस शेजारी असणं, हे सुख एमिलला त्याने दिलं नाही.

फ्रान्समधल्या दानिएल पेनाक या शिक्षक-कादंबरीकाराने १९९२ साली वाचकाचे दहा हक्क मांडले. पहिला हक्क न वाचण्याचा. त्याच्या पुस्तकातला शिक्षक वाचनाला विटलेल्या वर्गाला झ्यूसकिंडची 'परफ्यूम' मोठ्याने वाचून दाखवतो. नायक खुनी, म्हणजे संस्कारांच्या यादीत ती बसणारच नाही. त्या वाचनावर प्रश्नोत्तरं नसतात.

इथेही निवड शिक्षकाचीच, हा आक्षेप खरा आहे. पण स्वतःला न भावलेली कादंबरी मुलांच्या हिताची म्हणून नेमणं हा मोठा अन्याय आहे, कारण त्यात शिक्षक स्वतःजवळ नसलेली ओढ मुलांकडून मागतो. त्यापेक्षा त्याने आपल्या आवडीच्या तीन-चार कादंबऱ्यांची पहिली प्रकरणं वर्गात वाचावीत आणि कोणती पुढे न्यायची, ते मुलांना ठरवू द्यावं.