अनुभव कोणाला येतो?

मराठीत अनुभव 'येतो'. घेताही येतो म्हणा, पण बोलताना आपण 'अनुभव आला' असंच म्हणतो, राग आला किंवा पाऊस आला म्हणतो तसं. ऑनलाइन रोलप्लेइंग गेममध्ये मात्र अनुभव मिळवतात, मोजतात आणि साठवतात. त्याचं तिथलं नाव एक्सपी. उंदीर मारला की इतके एक्सपी, ओंडका तोडला की इतके, ठरावीक साठा झाला की पुढची लेव्हल. नोकरीच्या जाहिरातीतला 'तीन ते पाच वर्षांचा अनुभव' याच जातीचा.

मी लिहितोय तो गेम म्हणजे 'ओल्ड स्कूल रूनस्केप'. मूळ रूनस्केप अँड्र्यू आणि पॉल गॉवर या भावांनी इंग्लंडमध्ये २००१ साली सुरू केला. पुढे तो इतका बदलला की जुने खेळाडू हळहळू लागले. तेव्हा कंपनीने २००७ सालची एक जपून राहिलेली प्रत बाहेर काढली आणि २०१३ मध्ये ती 'ओल्ड स्कूल' या नावाने पुन्हा चालू केली. २०१८ मध्ये ती मोबाइलवर आली. चित्रं आजही ओबडधोबड आहेत. सगळं जग ०.६ सेकंदांच्या ठोक्यावर चालतं, त्यामुळे रत्नागिरीत पावसाळ्यात नेट रडतखडत चालू असतानाही तो खेळता येतो. (वीजच गेली तर गोष्ट वेगळी, आणि ती जाते.)

प्रत्येक कौशल्याची लेव्हल १ ते ९९. ९९ साठी १,३०,३४,४३१ एक्सपी लागतात आणि ९२ साठी ६५,१७,२५३. म्हणजे ९२ वर पोचलेला खेळाडू जेमतेम अर्ध्या वाटेवर असतो. पहिल्या लेव्हली मिनिटांत येतात, शेवटच्या आठवडे खातात. काही कौशल्यं ९९ ला न्यायला शेकडो तास लागतात, आणि त्या तासांत बहुतेक वेळा एकच झाड, एकच दगड, एकच मासा.

पण एक्सपीचा खरा विलक्षण गुण वेगळाच आहे. ते कधीही कमी होत नाहीत. बुद्धिबळातलं रेटिंग हरलं की उतरतं. कॅरमला दोन वर्षं हात लावला नाही तर साधी सोंगटीही भोकात जात नाही. इथे पाच वर्षांनी परत या. तुमचा लाकूडतोड्या ८३ चा होता, तो ८३ चाच असतो.

याला हसणं सोपं आहे. 'नुसतं क्लिक क्लिक करायचं, त्यात कसलं कर्तृत्व' हे मी घरातच पुष्कळदा ऐकलंय. मला मात्र त्यात काहीतरी फार मानवी दिसतं. आमच्याकडे आंब्याला छान मोहोर येतो, मग ऐन वेळी ढग धरतात, तुडतुडा पडतो आणि मोहोर काळा होतो. वर्षभर राबलेल्या माणसाला त्याच्या राबण्याचे एक्सपी कोणी देत नाही. कष्ट केले की ठरलेलं फळ ठरलेल्या प्रमाणात हमखास मिळेल, तिथे वशिला चालणार नाही आणि मिळालेलं कोणी काढून घेणार नाही, असं जग बाहेर कुठेच नाही. ते कोणीतरी बनवलं आणि लाखो लोक त्यात जाऊन झाडं तोडत बसले, यात मला आळस दिसत नाही. (कंपनीला महिन्याची वर्गणी मिळत राहावी म्हणूनही ही वाट इतकी लांब ठेवलेली असते, हेही खरंच.)

अडचण बॉसपाशी येते.

नवख्यांसाठी जे बॉस ठेवलेत त्यांतली एक ब्रायोफायटा. ही शेवाळाची राक्षसीण, वॅरक नावाच्या शहराखालच्या गटारांत राहते. लढता लढता ती मध्येच तीन छोटी रोपटी उभी करते. ती जिवंत असेपर्यंत तिला कशानेच इजा होत नाही. तलवारीने रोपट्यांचा जीव कमी करता येतो, पण शेवटचा घाव कुऱ्हाडीचा किंवा बागकामाच्या कात्रीचाच लागतो. ब्राँझची, अगदी फुटकळ किमतीची कुऱ्हाड चालते. ९९ लेव्हलचा, अंगावर लाखोंचं चिलखत घातलेला योद्धा कुऱ्हाड न घेता आत गेला तर तिथे नुसता उभा राहतो. हे दृश्य मला भयंकर आवडतं.

दुसरा स्क्युरियस, त्याच गटारांतला एक अवाढव्य उंदीर. मोठ्या लढायांची सवय व्हावी म्हणूनच त्याला २०२४ मध्ये आणलं. तो जवळून चावतो, लांबून मारा करतो आणि जादूही फेकतो. प्रत्येक माऱ्याला वेगळी प्रार्थना चालू करायची असते. छतावरून दगड कोसळतात. आधी जमिनीवर सावली दिसते, तेवढ्यात बाजूला व्हायचं. मार बसला की तो खाण्याच्या ढिगाकडे जाऊन जीव भरून घेतो. इथे लेव्हल उपयोगी पडते, पण थोडीच. सावली दिसल्यावर हलतो तो पडद्यावरचा योद्धा नव्हे, पलंगावर आडवा पडलेला माणूस. त्याचा अंगठा. आणि अंगठ्याला लेव्हल नसते.

म्हणजे या गेममध्ये दोन वेगवेगळे जीव वाढत असतात. एक पात्र, ज्याची वाढ सर्व्हरवर लिहिलेली आहे. दुसरा खेळणारा, ज्याची वाढ कुठेच लिहिलेली नाही. पात्र विकता येतं, भाड्याच्या माणसाकडून वाढवून घेता येतं, बॉट लावून रात्रभर राबवता येतं. नियमांत हे बसत नाही, पण होतं. खेळणाऱ्याचं यातलं काहीच करता येत नाही.

आपल्याकडे यासाठी जुने शब्द आहेत. संचित म्हणजे साठलेलं कर्म, प्रारब्ध म्हणजे त्यातलं फळ द्यायला लागलेलं आणि क्रियमाण म्हणजे आत्ता घडत असलेलं. टिळक आमच्या रत्नागिरीचे म्हणून नव्हे, पण 'गीतारहस्या'तलं दहावं प्रकरण, कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य, या संदर्भात वाचण्यासारखं आहे. टिळकांना क्रियमाण हा तिसरा कप्पा पटत नाही. आत्ता जे चाललंय तेही प्रारब्धाचाच परिणाम, मग त्याला वेगळं नाव कशाला, असा त्यांचा युक्तिवाद. पुढे त्याच प्रकरणात ते आत्म्याच्या स्वातंत्र्यासाठी जागा करतात, पण हा कप्पा काही परत देत नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाशी एका उंदराच्या आधाराने वाद घालणं शोभत नाही, तरी मला ते तिसरं नाव हवंसं वाटतं. दगडाची सावली पडल्यापासून दगड पडेपर्यंतच्या क्षणात संचितातलं फारसं काही उपयोगी येत नाही.

इथून प्रश्न नैतिक होतो, आणि माझ्यापुढे तो माझ्या मामेभावामुळे आला. तो साळवी स्टॉपजवळ राहतो आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. हा गेम त्याने माझ्यामुळे सुरू केला. माझं पात्र दहा वर्षांचं, त्याचं चार महिन्यांचं. त्याने विचारलं, "दादा, स्क्युरियस मारून देतोस?"

नवशिक्याला काय द्यावं? तलवार दिली. त्याबद्दल मला काही वाटलं नाही. बापाने मुलाला दुकान देण्यासारखंच ते. या गेममध्ये २०१४ पासून 'आयर्नमॅन' नावाचा एक प्रकार आहे. त्यात खेळाडू आपण होऊन ठरवतात की कोणाकडून काहीही घ्यायचं नाही, सुईपासून सगळं स्वतः करायचं. त्या लोकांबद्दल मला आदर आहे, पण त्यांचं सगळंच पटत नाही. कोणाकडूनच काही न घेता वाढलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

माहिती द्यावी का, हा त्याहून अवघड प्रश्न. ब्रायोफायटाचं मर्म म्हणजे कुऱ्हाड. ते सांगितलं की कोडं संपलं. स्क्युरियसचं सगळं काही सांगितलं, कोणत्या माऱ्याला कोणती प्रार्थना, सावली किती वेळ दिसते, सगळं, तरी माणूस पहिल्या दोन-चार वेळा मरतोच. माझ्या मते चांगल्या पहिल्या बॉसची खूण हीच: समजावून सांगितल्यावरही तो शिल्लक राहतो. म्हणून मी त्याला सगळं सांगितलं. मारून मात्र दिला नाही. तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

तिसरी गोष्ट मी देऊ शकत नव्हतो, ती गेमनेच दिली होती. मरणं स्वस्त. मेलात की तुमचं सामान थडग्यात राहतं आणि ते परत घ्यायला पंधरा मिनिटं मिळतात. लाज वाटते, थोडे पैसे जातात, बास. कोकणात मुलांना विहिरीत पोहायला शिकवताना कमरेला रिकामा डबा बांधतात, त्याच शहाणपणातली ही गोष्ट. डबा पोहत नाही. तो फक्त बुडू देत नाही.

या कसोटीवर आमचं शिक्षण बघा. चार वर्षं नुसते एक्सपी: सबमिशन, तोंडी परीक्षा, आदल्या वर्षीच्या मुलांकडून आलेल्या फाइली. एक्सपी कमी होत नाहीत, पदवी कोणी परत मागत नाही. मग एकदम मुलाखतीत किंवा पहिल्या नोकरीत बॉस समोर येतो, आणि तिथे मरणं महाग असतं. मधला उंदीर कुठेच नाही.

खरं तर होता. आमच्या धंद्यात तो छोट्या बगांच्या रूपात होता. तारीख चुकीच्या क्रमाने दिसते, बटण दोनदा दाबलं की दोन नोंदी होतात, अशा किरकोळ गोष्टी. टीममध्ये असे बग फ्रेशरसाठी मुद्दाम बाजूला ठेवायचे. अनुभवी माणसाला जे तासाभराचं काम, त्याला नवा मुलगा तीन दिवस लावायचा. दोनदा काहीतरी मोडायचा, तिसऱ्यांदा त्याला कळायचं की चूक बटणात नाहीच, मागच्या रांगेत आहे. ते तीन दिवस कंपनीच्या हिशेबात तोट्याचे होते, पण कोणी हिशेब मांडत नव्हतं, कारण दुसरा उपाय नव्हता. आता आहे. एआयला सांगितलं की असा बग चहा होईपर्यंत मिटतो. मीही तसंच करतो, आणि तसं करणं चूक आहे असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. ग्राहकाचं बटण चालायला हवं; माझ्या नव्या सहकाऱ्याच्या शिक्षणासाठी त्याने तीन दिवस का थांबावं?

तरीही ते तीन दिवस कोणीतरी देणं लागतं. मला जेव्हा ते मिळाले तेव्हा ते कोणाच्या तरी पदरचे होते, आणि त्या माणसाने ते मला ऐकवले नाहीत. पदराला खार लावून गटारात एक उंदीर पाळणं हे गेमच्या कंपनीला परवडतं, कारण तिथे नवा खेळाडू हाच गिऱ्हाईक. कंपनीत नवा मुलगा गिऱ्हाईक नसतो, तो खर्च असतो. एवढ्या एका फरकाने एक अवघी पिढी संचिताच्या जोरावर थेट मोठ्या बॉससमोर जाऊन उभी राहील, की त्या लढायाही दुसरंच कोणी लढेल आणि अंगठ्यांची गरजच उरणार नाही?

मामेभावाने अखेर स्क्युरियस मारला. एकट्याने नाही, सार्वजनिक खोलीत, जिथे अनोळखी खेळाडू एकत्र लढतात. त्यातले दोघे बरेच वरच्या लेव्हलचे होते. मी म्हटलं, हे तुझं मोजायचं की नाही याचा विचार करावा लागेल. तो म्हणाला, "सावली पडली तेव्हा मी हललो की. ते कोणी माझ्यासाठी केलं नाही. आणि तू ऑफिसात सगळं एकटा करतोस काय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग फोन खाली ठेवून त्याने विचारलं, तुमच्याकडे फ्रेशर घेतात ना अजून?

म्हटलं, या वर्षी नाही घेतले.