ज्याचें जळतें त्याला कळतें?

‘ज्याचें जळतें त्याला कळतें’ ही म्हण आपण सहज उच्चारतों. ज्यानें दुःख भोगलें तो दुसऱ्याचें दुःख जाणतोच, असें आपण तींत गृहीत धरतों. तें खरें आहे काय? कॅनडांत वसलेल्या ब्रिटिश व आयरिश वंशाच्या लोकांचा इतिहास पाहतां याविषयीं शंका वाटूं लागते.

आयर्लंडांत बटाट्याचें पीक कुजून दुष्काळ पडला, तेव्हां १८४७ सालीं हजारों आयरिश माणसें जहाजांत दाटीवाटीनें बसून कॅनडाकडे निघालीं. सेंट लॉरेन्स नदींतील ग्रोस ईल बेटावर रोग्यांस उतरवून घेत. त्या एका वर्षांत टायफस ज्वरानें मेलेलीं पांच हजारांहून अधिक माणसें तेथें पुरावीं लागलीं. मागें राहिलेलीं अनेक पोरकीं मुलें क्वेबेकमधील फ्रेंचभाषी कुटुंबांनीं घरीं नेलीं आणि पुष्कळांचीं आयरिश आडनांवेंही तशींच राहूं दिलीं. मृतांच्या स्मरणार्थ १९०९ मध्यें त्या बेटावर क्रूस उभारण्यांत आला.

पुढें पांचच वर्षांनीं, १९१४ च्या मे महिन्यांत, ‘कोमागाटा मारू’ जहाज व्हँकूव्हरला पोहोंचलें. त्यावरील ३७६ हिंदी प्रवासी, बहुतेक पंजाबी शीख, त्याच बादशहाचे प्रजाजन होते. परंतु जन्मभूमीहून न थांबतां थेट आलेल्यासच प्रवेश, असा नियम होता. आणि हिंदुस्थानांतून तशी थेट बोटच नव्हती! अवघ्या २४ जणांस उतरूं देऊन दोन महिन्यांनीं जहाज परत घालविलें. विरोधकांचे एक अग्रणी, पार्लमेंटचे सभासद स्टीव्हन्स, स्वतः ब्रिस्टल येथें जन्मून लहानपणीं कॅनडांत आलेले होते.

व्हँकूव्हरचे नागरिक ग्रोस ईलच्या मृतांचेच वंशज होते, असें नव्हे. पण आपण वा आपले वाडवडील समुद्र ओलांडून आलों, ही आठवण त्या सर्वांचीच होती. तिनें दार उघडलें नाहीं. उलट, ज्यांच्या घरीं असें कांहींच जळलें नव्हतें, त्या क्वेबेकच्या गृहस्थांना ज्वराची भीति असतांही कळलें. कॅनडाच्या पंतप्रधानांनीं पार्लमेंटांत क्षमा मागितली ती २०१६ मध्यें, १०२ वर्षांनंतर.

सोसलेलें दुःख माणसास दोन गोष्टी शिकवूं शकतें: ‘मला झालें तें इतरांस न होवो’, किंवा ‘मीं कष्टानें मिळविलें त्यांत वांटेकरी नको’. यांतील कोणती घ्यावी, हें दुःख ठरवीत नाहीं, माणूस ठरवितो. सासुरवास सोसलेली सून पुढें सासू होते, तेव्हां आपल्या घरींही हाच निवाडा व्हावयाचा असतो.