कापलेला अवयव

बोरिवलीतल्या कुठल्याही क्लासमध्ये आठवी-नववीच्या वह्या चाळा. (अ + ४)/४ मध्ये वरच्या चारवर तिरकी रेघ, खालच्या चारवर तिरकी रेघ, आणि उत्तर अ, असं कुठेतरी हमखास सापडतं. अ च्या जागी ४ घालून पाहिलं की मूळ राशी २ देते, उत्तर ४.

कापता येतो तो अवयव. बेरजेतलं पद कापता येत नाही. म्हणून आधी अवयव पाडायचे, मग पेन्सिल तिरकी करायची. पेपरच्या घाईत नेमका हा क्रम उलटतो.

भागाकारात भाजकाचे अंश-छेद उलटून गुणायचं, ही रीत भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त दिली आहे. नातू चांगदेवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला. तिथे ‘का उलटायचं’ यावर दिवस घालवता येत असेल. आपल्या पस्तीस मिनिटांच्या तासात ‘उलटा आणि गुणा’ एवढंच उरतं. भाजकाला त्याच्या व्यस्ताने गुणलं की १ होतो, मग भाज्यालाही त्यानेच गुणणं आलं. हे सांगायला किती वेळ लागतो?

उलटताना काहीतरी नजरेआड होतं. (अ + १)/(अ − २) ला (अ − ५)/(अ + ७) ने भागा. उत्तराच्या छेदात अ − २ आणि अ − ५ दिसतात. अ + ७ वर जाऊन बसतो, आणि −७ ही किंमत वर्ज्य आहे हे नुसत्या उत्तरावरून कळत नाही.

(अ² − ९)/(अ − ३) चं तेच. उत्तर अ + ३. त्यात ३ घातले तर ६ येतात; मूळ राशीत मात्र शून्य भागिले शून्य. अवयव उत्तरातून जातो, त्याची अट जात नाही. एखाद्या राशीला शून्याने गुणून पुढे शून्यानेच भागायचं असेल तर ती तशीच राहते, असं भास्कराचार्यांनी म्हटलं होतं. आजचं बीजगणित ही मुभा देत नाही. तरी त्यांना काहीतरी खरं दिसलं होतं, असं मला ठामपणे वाटतं: अ तीनच्या जवळ सरकत गेला की किंमत सहाकडेच जाते, आणि पुढे कलनशास्त्र याच ‘जवळ सरकण्या’वर उभं राहिलं.

वर्गात एवढं तरी व्हावं: काटाकाटीच्या आधी, पहिल्याच ओळीशेजारी, मुलांनी लिहावं, अ ≠ ३.