धनी कोणता?

श्रम विकता येतो, श्रमिक विकता येत नाही, हे तत्त्व सर्वमान्य असले तरी मनुष्यपुरवठा करणाऱ्या पेढ्यांचा व्यवहार पाहिला म्हणजे या दोहोंमधील सीमारेषा किती धूसर आहे याची प्रचीती येते. पेढी कामगाराची नेमणूक करते, पगारपत्रक ठेवते, भविष्यनिर्वाह निधीचा भरणा करते. काम मात्र दुसऱ्याच्या कारखान्यात, दुसऱ्याच्याच हुकमतीखाली चालते, आणि तो कारखाना वेतनावर सेवाशुल्क चढवून आलेले बिल चुकते करून मोकळा होतो. आपल्या परंपरेने स्वामी आणि सेवक यांना परस्परधर्माने बांधले होते: सेवकाने निष्ठा द्यावी, स्वामीने त्याचा योगक्षेम वाहावा. (त्या स्वामिधर्माच्या आडून जुलूमही पुष्कळ झाला, हे विसरून चालणार नाही.) येथे आज्ञा एकाची, अन्न दुसऱ्याचे, मग तो धर्म मागावा कोणाकडे?

मुंबईच्या गिरण्यांत हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा होता: भरतीचा मुखत्यार जॉबर, दस्तुरी घेणाराही तोच, आणि बदलीवाला दरवाजाशी तिष्ठत राहून कोणी गैरहजर असेल तरच आत जाई. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याने, कंत्राटदाराने वेतन थकविल्यास ते मुख्य मालकाने द्यावे, असे ठरविले. ज्याच्यासाठी घाम गळला त्याचे ऋण मध्यस्थाच्या दप्तरात लपत नाही, हे निदान पैशापुरते मान्य झाले. तेवढ्यावर थांबणे मला अपुरे वाटते. आपल्या यंत्रावर हात गमावलेल्या कंत्राटी माणसाला पेढीचा पत्ता देऊन वाटेला लावणारा मालक, बिल चुकते केलेले असले तरी, ऋणकोच राहतो.