नोंदवही कोणाची?

1973 साली जन्मलेले अरुण डोहले पुण्यातील एका संस्थेतून तान्हेपणीच जर्मन दांपत्याच्या घरी गेले. प्रौढपणी त्यांनी आपल्या जन्माची कागदपत्रे मागितली. त्यासाठी त्यांना प्रथम उच्च न्यायालयाची आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्यांचे मागणे धनदौलतीचे नव्हते. त्यांना आपल्या आईचे नाव हवे होते.

संस्थेला दोष देणे सोपे आहे. परंतु त्या काळी अशा दारी येणारी कुमारी माता कोणत्या भयाने येत असे, हे आठवून पाहा. ‘तुझे नाव बाहेर फुटणार नाही’ हा शब्द घेऊनच ती मूल ठेवून जाई. आज तिचा संसार असेल, नातवंडे असतील. परदेशातून आलेले एक पत्र ते सारे उधळून लावू शकते. मग दिलेला शब्द मोडावा काय?

माझ्या मते तो शब्द जगापासूनच्या गुप्ततेचा होता. पोटचे मूल म्हणजे जग नव्हे. तरीही तिला न विचारता तिचे नाव देणे हा अन्यायच. आपल्या देशातील दत्तकविधानाचे नियम इथे मधला मार्ग काढतात: आईची संमती विचारावी, तिने नकार दिला वा ती सापडली नाही, तर मूल का व कोणत्या परिस्थितीत सोडले गेले, तेवढे त्याला सांगावे. हेग येथील 1993 च्या करारानेही मुलाच्या उगमाची माहिती जतन करण्याचे बंधन घातले असून भारताने तो 2003 साली स्वीकारला.

पण वहीच वाळवीने खाल्ली असेल, तर विचारायचे कोणाला? आणि वहीच खोटी असेल तर? आईबाप हयात असलेल्या मुलांना अनाथ म्हणून नोंदवून परदेशी धाडल्याचे दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने 2025 साली मान्य केले. बाबेलहून परतलेल्या काही याजकांना वंशावळीत आपली नावे सापडली नाहीत आणि त्यांचे याजकपण गेले, असे एज्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. नोंद हरवल्याची शिक्षा भोगतो तो नोंद ठेवणारा नव्हे.

हा प्रश्न आपल्या दारातलाही आहे. 1956 चा दत्तक कायदा केवळ हिंदूंपुरता असल्याने परदेशी पालक 1890 च्या पालकत्वाच्या कायद्याखाली मूल नेत; आपल्यातील अनेक कुटुंबांनीही त्याच वाटेने मूल घरी आणले. म्हणजे न्यायालयाच्या दप्तरात एखादी प्रत असू शकते. मिशनच्या अनाथालयातील मुलाची एखादी तारीख मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतही असू शकते. संस्था बंद पडली की हे कागद रद्दीत जातात, आणि कोणाचे काय गेले हे कोणाला कळतही नाही.

सत्तरच्या दशकात परदेशी गेलेली मुले आज पन्नाशीच्या आसपास आहेत. त्यांच्या माता सत्तरीकडे झुकलेल्या किंवा त्यापलीकडे गेलेल्या. ज्या विश्वस्तांकडे अशा जुन्या वह्या आहेत, त्यांनी पुढच्या सभेत त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, एवढे तरी विचारावे.